ओठांची जागा

"फुंकायचं नाही, हवा आत ओढायची."

मिसुरीतल्या एका शिकारसाहित्याच्या दुकानात एक आजोबा आमच्या शेजाऱ्यांच्या मुलीला सांगत होते. तिला वसंतातल्या टर्की पक्ष्याच्या शिकारीच्या हंगामासाठी ट्रम्पेट कॉल, म्हणजे मादी टर्कीचा आवाज काढणारी तोंडाने वाजवायची छोटी नळी, हवी होती. काउंटरवरच्या पोराने मात्र "नवख्यांनी बॉक्स कॉलच (हाताने घासून वाजवायची लाकडी पेटी) घ्यावा" म्हणून विषय संपवला होता.

आजोबांनी साधा अ‍ॅक्रिलिकचा कॉल उचलला. त्याच्या मुखनळीवर एक छोटी कडी होती. "ही ओठांना अडते. दर वेळी नळी तेवढीच आत जाते. शिकताना हेच महत्त्वाचं. आणि लाकडासारखा हा ओलाव्याने फुगत नाही."

मग त्यांनी तो ओठांच्या कोपऱ्यात धरला आणि पापा घेतल्यासारखी हवा ओढली. आधी उंच सूर, लगेच खालचा. हुबेहूब मादी!

टर्कीच्याच पंखांच्या हाडांपासून सुरू झालेली ही कला. मूळ अमेरिकी लोकांनी तशी हाडं कितीतरी शतकं वाजवली. शिकायला वेळ लागतो, हे खरं. पण तेवढ्यासाठी मुलीला दारातूनच परत पाठवायचं? मला ते अजून खटकतंय.

तिने कॉल घेतलाय. उंच सूर अजून फाटतो. कॅन्सास सिटीच्या आसपास ट्रम्पेट शिकवणारं कुणी तुमच्या ओळखीत आहे का?