निरोप नेणार नाही

शुक्रवार, रात्री उशिरा

आईचा फोन दुपारचा चहा झाला की येतो. आजही आला. थोडा वेळ पाऊस, गुडघे, आणि मग नेहमीचं, "तू तिला जरा सांग ना गं. तुझं ती ऐकते." ती म्हणजे वहिनी. ऑफिसची वेळ बदलली म्हणून तिने पोळ्यांना बाई लावली आणि आईला तो स्वतःच्या हाताचा अपमान वाटला. नाशिकच्या घरात दोघी एकाच ओट्याशी उभ्या असतात, पण एकमेकींशी बोलतात ते ठाण्यातल्या माझ्यामार्फत.

आज मी म्हटलं, "आई, तुला लागलंय ते कळतंय मला. पण वहिनीला हे मी सांगणार नाही, तू सांग. एकटीला जड जात असेल तर मी येते, तुम्हा दोघींजवळ बसते. पण तिचं तुला आणि तुझं तिला पोचवणं आता माझ्याकडून होणार नाही."

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग "बरं बाई" म्हणून फोन ठेवला.

आमच्या घरात कधी कुणी आवाज चढवला नाही, याचं नातेवाइकांना केवढं कौतुक. पण आमच्याकडे अबोला असायचा. "बाबांना सांग, पान वाढलंय," असं आई मला सांगायची आणि बाबा तिथेच, समोरच्या खुर्चीत. मला तर वाटतं, अशा निरोपांपेक्षा आरडाओरडा परवडला. निरोप नेणारा शब्द मऊ करतो, थोडे गाळतो, थोडे पदरचे घालतो. मूळ दुखणं काय होतं ते दुसऱ्याला कळतच नाही आणि राग मात्र दोन्हीकडून मधल्यावर निघतो.

मरे बोवेन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९५०च्या दशकात रुग्णांबरोबर त्यांच्या घरच्यांचाही अभ्यास केला. त्यातून त्याने त्रिकोणाची कल्पना मांडली. दोघांमधला ताण सोसेनासा झाला की तिसऱ्याला आत ओढलं जातं. ताण तेवढ्यापुरता हलका होतो, म्हणूनच त्या दोघांना समोरासमोर बोलायची निकड उरत नाही. त्याच्या मते त्या तिसऱ्याने पळून जायचं नाही, दोघांशी संबंध ठेवायचा, पण बाजू घ्यायची नाही. हे मला फार पटलं. आईला नुसतं "मला यात ओढू नकोस" म्हटलं असतं तर ती एकटी पडली असती. म्हणून "मी येते" हे म्हणायलाच हवं होतं.

हे बोलणं एवढं जड का जातं? आईला वाईट वाटू नये असं मला वाटतं, आणि ते वाटणारच. पण मनात ते "तिला वाईट वाटताच कामा नये" असं होऊन बसलेलं असतं. इच्छेची अशी सक्ती होते तिथेच माणूस अडकतो, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस १९५५पासून सांगत होता. मराठीत ते कि. मो. फडक्यांनी आणलं. आज आईला वाईट वाटलं. तिने याहून कितीतरी मोठं सोसलंय, हेही ती सोसेल.

रात्री दादाचा फोन. "आईला काय बोललीस?" त्या स्वरानेच माझी छाती धडधडायला लागली. नाडी शंभराच्या वर गेली की समोरच्याचं ऐकूच येत नाही, शांत व्हायला निदान वीस मिनिटं लागतात, असं मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन सांगतो. जोडप्यांची भांडणं प्रयोगशाळेत बघून, ठोके मोजून त्याने हे मांडलंय. मी म्हटलं, "दादा, आत्ता माझ्याच्याने नीट बोलवणार नाही. साडेनऊला मी फोन करते." आणि केला. अबोल्यात परत कधी बोलणार ते कुणी सांगत नाही, म्हणून तो इतका छळतो. वेळ सांगून थांबलं की समोरचा ताटकळत राहत नाही.

साडेनऊला दादाही निवळला होता. "मग काय, मी मध्ये पडू?"

"नको. पण बाई लावायचं तुम्ही दोघांनी ठरवलंत ना? मग आईला ते तू सांग. सगळा राग वहिनीवर एकटीवर निघतोय."

थोडं थांबून तो म्हणाला, "बघतो."

मला याच गोष्टीचं सगळ्यात जास्त वाईट वाटतं. सासू-सुनेचं भांडण म्हणून आपण ते बाजूला सारतो आणि ज्याच्या संमतीने निर्णय झाला तो मुलगा त्यात कुठे दिसतच नाही.

आत्ता वहिनीचा मेसेज आलाय, "ताई, आई आज नीट जेवल्या नाहीत. तुम्ही काही बोललात का? जरा समजवाल त्यांना?" उद्या सकाळी तिला फोन करून आईला सांगितलं तेच, त्याच शब्दांत सांगणार आहे. एकीला एक आणि दुसरीला दुसरं, असं होता कामा नये. रविवारी नाशिकला जायची माझी तयारी आहे, पण दोघी हो म्हणाल्या तरच तिकीट काढीन.