चालताना अंगावर उठणारे पित्त: माझा अनुभव

गेल्या वर्षी नोव्हेंबरमध्ये केलेल्या रक्ततपासणीत माझे एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तातील साखरेची सरासरी दाखवणारा आकडा, ६.१ आले. ५.७ ते ६.४ ही पातळी मधुमेहाच्या अलीकडची मानली जाते, असे आमच्या डॉक्टरांनी समजावले आणि आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालण्यास सांगितले. माझ्या आईने अखेरची काही वर्षे इन्सुलिनवर काढली होती आणि ती सुई बहुतेक वेळा मीच टोचत असे, त्यामुळे मला हे दुसऱ्यांदा सांगावे लागले नाही. आम्ही सोलापुरात विजापूर रस्त्याच्या बाजूला राहतो. जुनी माणसे अजूनही ज्याला कंबर तलाव म्हणतात, त्या धर्मवीर संभाजी तलावाच्या दिशेने मी दुसऱ्याच पहाटे चालू लागले.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून त्रास सुरू झाला. दहाव्या-बाराव्या मिनिटाला, घाम फुटण्याच्या बेतात असताना, पाठीवर आणि दंडांवर असंख्य टोके टोचू लागत. ज्वारीच्या काढणीत अंगाला कूस लागते, तेव्हा जसे होते अगदी तसेच. पण कूस अंघोळीने निघून जाते आणि हे खाजवले की आणखी पसरे. घरी येऊन दिव्याखाली हात धरला तेव्हा खसखशीच्या दाण्याएवढे फिकट उंचवटे दिसले, प्रत्येकाभोवती लाल वर्तुळ होते आणि तेवढी त्वचा हाताला गरम लागत होती. तासाभरात सारे मावळून जाई. दवाखाना उघडेपर्यंत दाखवण्यासारखे काहीच उरत नसे, आणि म्हणूनच सुरुवातीचा सव्वा महिना माझा वाया गेला.

सासूबाईंनी पाहताक्षणी सांगितले, "अगं, हे पित्त उठलंय, आमसूल लाव." त्यांनी आमसुलाचे पाणी अंगाला चोळले आणि दोन वेळा गेरूही लावला. गारव्याने बरे वाटे, पण दुसऱ्या दिवशी चालायला गेले की पुन्हा तेच. आपल्या भाषेत छातीत जळजळते तेही पित्त आणि अंगावर गांधी उठतात तेही पित्त, त्यामुळे दोन्हींचे औषध एकच असावे असा समज घरोघरी पक्का आहे. मीही तो धरून बसले होते. एका दवाखान्यात मी "पित्ताचा त्रास आहे" एवढेच सांगितले आणि आम्लपित्ताच्या गोळ्या घेऊन आले. त्या पंधरा दिवस नेमाने घेतल्या, पण काही उपयोग झाला नाही. त्यानंतर औषधाच्या एका दुकानातून खाजेचे म्हणून जे मलम मिळाले, त्यात स्टिरॉइड, बुरशीविरोधी औषध आणि प्रतिजैविक असे तिन्ही एकत्र होते. असे मलम मनाने लावत राहिल्यास त्वचा पातळ होते आणि नायटा असल्यास तो दबून आणखी चिवट होतो, हे मला पुढे त्वचारोगतज्ज्ञांकडे कळले. मी ते आठ दिवसच लावले होते, याबद्दल आजही हायसे वाटते.

त्वचारोगतज्ज्ञांकडे जाण्यापूर्वी मी दोन गोष्टी केल्या. चालून आल्याबरोबर हाताची आणि पोटाची छायाचित्रे काढली, आणि एका वहीत वेळ, हवा, कपडे, आदल्या रात्रीचे जेवण आणि खाज किती मिनिटांनी सुरू झाली हे लिहू लागले. डॉक्टरांनी वही शांतपणे वाचली आणि मला त्यांच्या इमारतीचा जिना चढउतार करण्यास सांगितले. त्यांची सहायक माझ्याबरोबर होती. बाराव्या मिनिटाला माझ्या कोपराच्या आतल्या बाजूला पहिल्या गांधी उठल्या, आणि त्या प्रथमच घरच्यांखेरीज दुसऱ्या कुणीतरी पाहिल्या. त्या क्षणी मला अक्षरशः रडू आले.

या त्रासाला कोलिनर्जिक अर्टिकेरिया म्हणतात. शरीराचे तापमान वाढले की मेंदूकडून घर्मग्रंथींना घाम सोडण्याचा संदेश जातो, तो संदेश पोहोचवणारे रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन, आणि त्यावरूनच हे नाव पडले. काही जणांच्या त्वचेत याच वेळी हिस्टामीन हे खाज आणि सूज आणणारे रसायन सुटते आणि एक ते तीन मिलिमीटरच्या बारीक गांधी उठतात. व्यायामच हवा असे नाही. कढत पाण्याची अंघोळ, तिखट जेवण किंवा एकदम आलेला राग एवढेही पुरते. हे ऐकले आणि वहीतल्या दोन नोंदी मला आपोआप उलगडल्या: बंबाच्या पाण्याने अंघोळ केल्यावर मान चुणचुणली होती, आणि कडक भाकरीबरोबर शेंगाचटणी व गरम आमटी खाल्ल्यावर कपाळ.

मला सर्वांत चकित केले ते ऋतूने. मे महिन्यात आमच्या सोलापुरात पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे जातो, आणि मी मनाशी धरून चालले होते की थंडीत हा हाल असेल तर उन्हाळ्यात मला घराबाहेर पडताच येणार नाही. डॉक्टरांचे म्हणणे नेमके उलटे होते. पुष्कळ रुग्णांना हा त्रास थंडीत जास्त होतो, कारण त्या दिवसांत अंगाला घामाची सवय राहत नाही. शिवाय एकदा गांधी उठून गेल्या की पुढचे काही तास, कधी दिवसभरही, त्वचा तुलनेने शांत राहते. म्हणून चालणे बंद करणे हा उपाय नव्हता. रोज, ठरल्या वेळी, थोडा थोडा घाम येऊ देणे हाच मार्ग होता.

रात्री घेण्यासाठी प्रथम दिलेल्या सेटिरिझीन या हिस्टामीनविरोधी गोळीने मला सकाळी जडपणा वाटे, म्हणून पुढे त्याच प्रकारचे फेक्सोफेनाडिन मिळाले. ते पाण्याबरोबरच घ्यायचे, फळांच्या रसाबरोबर घेतल्यास कमी शोषले जाते, एवढी सूचना मी कटाक्षाने पाळते. मात्रा वाढवण्याचा निर्णय डॉक्टरांनीच घ्यायचा असतो आणि माझ्या बाबतीत त्यांनी तो एकदा घेतलाही. चालण्याचा क्रम असा ठरला की घरातच पाच मिनिटे जागच्या जागी हळू चालायचे, पहिली चुणचुण जाणवताच वेग उतरवायचा, ओल्या रुमालाने मान आणि मनगटे गार करायची आणि ती शमली की पुन्हा सुरू करायचे. दर आठवड्याला मी दोन ते तीन मिनिटे वाढवत गेले. खाज असताना न थांबता आणि न खाजवता हळू चालत राहणे हे पहिल्या तीन आठवड्यांत फार कठीण गेले. मी दोन्ही मुठी मिटून घेत असे.

कपड्यांबाबत मला बरीच चाचपणी करावी लागली. यजमानांनी हौसेने आणलेला अंगाला चिकटणारा पॉलिएस्टरचा टी-शर्ट मला सोसला नाही. सैल सुती कुर्ता बरा, पण तो भिजला की घासतो, म्हणून घरी आल्याबरोबर बदलावा लागतो. टॉवेलचे मात्र मला वडिलांमुळे आधीपासून ठाऊक होते. ते यंत्रमागावर टॉवेल विणत असत, आणि नवा टॉवेल दोन-तीनदा धुतल्याशिवाय पाणी पीत नाही, असे ते नेहमी सांगत. मी जुना, पुष्कळ धुतलेला टॉवेल काढून ठेवला आहे, आणि त्याने अंग पुसत नाही, नुसते टिपते. अंघोळ चालून आल्यावर वीस मिनिटांनी आणि कोमट पाण्याने करते. आमच्याकडे महापालिकेचे पाणी काही दिवसांआड येते आणि एरवी बोअरचे जड पाणी वापरावे लागते, ज्याने माझी कातडी कोरडी पडते. म्हणून अंग ओलसर असतानाच बिनवासाचे मॉइश्चरायझर लावते.

जानेवारीत घडी विस्कटली. संक्रांतीला श्री सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा असते, घर पाहुण्यांनी भरले होते, नंदीध्वजांच्या मिरवणुकीला सर्वांना घेऊन जायचे होते, आणि सहा दिवस मी चालले नाही. सातव्या दिवशी, महिनाभर मागे पडलेल्या गांधी आठव्या मिनिटालाच सबंध पोटावर उठल्या. मला वाटले, सगळे पाण्यात गेले. पण दहा दिवसांत मी पुन्हा पूर्वीच्या जागी आले.

एक गोष्ट मी आवर्जून लिहिते, कारण ती जिवाशी निगडित आहे. व्यायाम करताना गांधींबरोबर ओठ, जीभ किंवा घसा सुजणे, दम लागणे, आवाज बसणे, चक्कर येणे यांपैकी काहीही झाले तर तो हा साधा त्रास नसून ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी तीव्र ॲलर्जी, असू शकतो आणि तत्काळ रुग्णालय गाठावे लागते. काही जणांना गहू किंवा कोळंबी खाऊन लगेच व्यायाम केल्यावर असे होते, आणि ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी धोका वाढतो. मला तशी लक्षणे कधी झाली नाहीत, तरीही डॉक्टरांनी सुरुवातीला एकटीने चालायला मनाई केली होती, आणि त्या दोन महिन्यांत माझी नणंद रोज माझ्याबरोबर आली, याचे ऋण मोठे आहे.

मार्चअखेर मी सलग ३५ मिनिटे चालू लागले, मे महिन्यात सर्वांत कमी गांधी उठल्या, आणि जूनच्या तपासणीत एचबीए१सी ५.८ आले. गोळी अजून चालू आहे. दिवाळीनंतर ती कमी करून पाहू, असे डॉक्टर म्हणाले आहेत. वहीतली कालची नोंद अशी आहे: ४० मिनिटे, बत्तिसाव्या मिनिटाला डाव्या मनगटाजवळ चार गांधी, खाजवले नाही, घरी पोहोचेपर्यंत मावळल्या.