पन्नास ठिपक्यांची भिंत

नववीला अमूर्त चित्रकला शिकवायची म्हणजे "सर, हे कशाचं आहे?" याला तोंड द्यायची तयारी हवी. यंदा मी चित्र दाखवलंच नाही, फळ्यावर सूचना लिहिली. अमेरिकन चित्रकार सोल लेविट यांचं ११८ क्रमांकाचं भित्तिचित्र, १९७१ सालचं. भिंतीवर कडक पेन्सिलने पन्नास ठिपके वाटेल तिथे द्या, पण ते सगळीकडे सारखे पसरू देत. मग प्रत्येक ठिपका बाकी सगळ्यांशी सरळ रेघेने जोडा. बस्स. लेविट सूचना लिहीत, रेघा बहुधा दुसरेच मारत.

"वाटेल तिथे आणि वर सारखे? दोन्ही कसं जमणार?" सुरुवातच भांडणाने. दोघांनी ठिपक्यांच्या रांगोळीसारख्या सरळ ओळी मांडायला घेतल्या. एका मुलीने त्यांना अडवलं: तीन ठिपके एका ओळीत आले की रेघा एकमेकींवर चढणार, मेहनत तेवढीच आणि दिसणार कमी. (हे ती भूमितीच्या तासाला बोलली असती, तर गणिताच्या बाईंनी पेढे वाटले असते.) ओळी पुसल्या.

मग हिशेब. पहिल्या ठिपक्यापासून ४९ रेघा, दुसऱ्यापासून नव्या ४८, तिसऱ्यापासून ४७... एकूण १२२५. अख्ख्या वर्गाने मान टाकली.

ठिपक्यांना नंबर दिले, टोळ्या पाडल्या. गवंड्याकडून लांब अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आणली होती. ती पुरेना तिथे दोघांनी दोरा ताणून धरला. काम कंटाळवाणं, अगदी कारकुनी. मधल्या सुट्टीपर्यंत भिंतीवर नुसता गुंता.

दुपारनंतर एक जण ओरडला, "मध्ये काळं कोणी केलं?" कोणीच नाही. पेन्सिल तीच, दाबही तोच. पण कडेच्या ठिपक्याला बाहेर जायला वाव नाही, त्याच्या रेघा आतच वळतात. लांबच्या जोड्यांच्या तर बऱ्याचशा मधूनच जातात. म्हणून कडा विरळ आणि मध्यभागी दाट काळोख. सूचनेत मध्य हा शब्दसुद्धा नाही. हे मी तोंडाने सांगितलं असतं तर त्यांनी वहीत उतरवून घेतलं असतं, एवढंच. आता मुलं भिंतीला नाक लावून एकेक रेघ कुठून निघाली ते शोधत होती.

पन्नास नंबरवाला मात्र चिडला. सकाळपासून ताटकळला होता आणि त्याच्या वाट्याला एकही नवी रेघ उरली नव्हती. लेविटच्या भिंतींशेजारच्या पाटीवर रेघा मारणाऱ्यांचीही नावं असतात. ती पाटी लिहायचं काम त्याला दिलं. स्वतःचं नाव त्याने सगळ्यात वर घातलं.