दात, चणे आणि आयरनी

रविवार, रात्री साडेदहा

उद्या लेकीची इंग्रजीची तोंडी परीक्षा. ओ. हेन्रीची 'द गिफ्ट ऑफ द मॅजाय' ही कथा आणि सोबत पंधरा संज्ञांची यादी. दुपारी बघतो तर बाईसाहेबांच्या व्याख्या घडाघडा पाठ, कथा मात्र उघडलेलीच नाही. म्हटलं, यादी मीट, आधी वाच. आई समोर गवार मोडत बसली होती, म्हणून अधूनमधून मराठीतही सांगत गेलो.

सुरुवातच हिशेबाची. 1 डॉलर 87 सेंट. पहिल्याच परिच्छेदात हा आकडा दोनदा, पुढेही परत परत. "कळलं की, किती वेळा सांगतोस!" लेक वैतागली. मी म्हटलं, डेलानं, म्हणजे कथेतल्या बायकोनं, नवऱ्याच्या नाताळ-भेटीसाठी जमवलेले पैसे तीनदा मोजलेत, तुलाही मोजायला लावतोय लेखक. तिनं यादीत 'रेपिटिशन'पुढे मुकाट्यानं खूण केली.

'फॉब चेन'पाशी गाडी अडली. शब्दकोशात 'घड्याळाची साखळी' एवढंच. मग दोरीवरची माझी जीन्स काढली आणि उजव्या खिशाच्या तोंडाशी असलेला तो इवलासा खिसा दाखवला. हा मुळात खिशातल्या घड्याळासाठी, आणि घड्याळाला साखळी. "मला वाटायचं नाण्यांसाठी असतो," ती म्हणाली. खरं सांगायचं तर परवापरवापर्यंत मलाही तसंच वाटायचं. 'कोम्ब्ज'चंही तेच. तिच्या डोळ्यांपुढे विंचरायचा कंगवा, आई म्हणाली, "अगं, अंबाड्यात खोचतात ती फणी." कासवाच्या कवचाची, खडे जडवलेली.

बायबलातली ती श्रीमंत शीबाची राणी समोरच्या घरात राहायला असती, तर डेलानं नुसते केस वाळवायला खिडकीबाहेर सोडून तिच्या दागिन्यांचा तोरा उतरवला असता, अशा अर्थाचं एक वाक्य आहे. इथे मला आमच्या वेळचं 'दमडीचं तेल आणलं, सासूबाईचं न्हाणं झालं' आठवलं. आईनं लगेच सूर धरला आणि 'त्यात उंट पोहून गेला'पर्यंत थांबलीच नाही. लेकीला अतिशयोक्ती समजवावी लागली नाही. तिचं म्हणणं एवढंच, की आमचा उंट जास्त भारी आहे.

मॅजाय म्हणजे मराठी बायबलातले मागी, पूर्वेकडचे ज्ञानी लोक, बाळ येशूसाठी सोनं, ऊद आणि गंधरस घेऊन आलेले. हे मी भराभर उरकलं, कारण पुढे आयरनी होती आणि तिथे माझीच दांडी उडाली.

मी ठोकून दिलं, "आयरनी म्हणजे उपरोध." लेक म्हणाली, "पण इथे कोण कुणाला टोमणा मारतंय?" बरोबर होतं तिचं. डेलानं 20 डॉलरला केस विकले, नवऱ्याच्या घड्याळासाठी 21 डॉलरची साखळी आणली. त्यानं घड्याळ विकून तिच्या केसांसाठी फण्या आणल्या. यात उपरोध कसला? दैवदुर्विलास म्हणावं, तर तो शब्द फार काळा. शेवटच्या पानावर ही दोघं काही रडत बसलेली नाहीत. तो हसून तिला चॉप्स शिजत टाकायला सांगतो.

आई गवारीतून मान वर न करता म्हणाली, "दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत." मग क्षणभर थांबून, "पण इथे दात विकूनच चणे आणलेत की दोघांनी."

मी वही ओढून घेतली आणि ते लिहून ठेवलं. मग आम्ही कथा पुन्हा दारापाशी नेली. जिम, म्हणजे डेलाचा नवरा, घरात येतो तेव्हा केस का गेले हे आपल्याला ठाऊक, त्याला नाही. तो टेबलावर पुडकं टाकतो, आणि आता त्याला ठाऊक, आपल्याला नाही. पुडकं उघडतं, आणि अपेक्षेच्या नेमकं उलटं निघतं. दोन मिनिटांत पारडं फिरतं. लेकीनं एकाला 'ड्रमॅटिक' आणि दुसऱ्याला 'सिच्युएशनल' असं स्वतःच लिहिलं. मराठीत एका शब्दात काय म्हणावं, मला अजून सुचलेलं नाही. आम्ही 'आयरनी'च म्हणत राहिलो.

जेवताना आईनं विचारलं, "आणि त्याला घड्याळाचे किती आले?"

मी हात धुऊन पुस्तक परत चाळलं. डेलाचा हिशेब सेंटपर्यंत दिलाय, साखळी घेऊन उरलेले 87 सेंटसुद्धा. घड्याळाची किंमत कुठेच नाही. मी म्हटलं, विसरला असेल लेखक.

"विसरेल कसा," लेक भात कालवत म्हणाली, "आपण दिवसभर डेलाबरोबर होतो. जिम कुठल्या दुकानात गेला ते आपण पाहिलंच नाही ना." आणि घास तसाच ठेवून, डाव्या हातानं यादी जवळ ओढून तिनं 'पॉइंट ऑफ व्ह्यू'पुढे वाकडीतिकडी खूण केली.