उपटून बघायला काय जातं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. रोपाची मुळं मातीत असतानाच मी त्यांचे स्कॅन काढते हे कळलं की लोक आधी ‘अरे वा’ म्हणतात आणि मग हमखास विचारतात, “पण उपटून बघायला काय जातं?” आमच्या मुलुंडच्या इमारतीतल्या काकू तर विचारता विचारताच आपल्या मिरचीच्या रोपाला हात घालायला निघाल्या होत्या.

उपटून बघतातच की, वर्षानुवर्षं तसंच बघत आलेत. पण माती धुतल्यावर हातात उरतो तो शिजलेल्या शेवयांसारखा गुंता. त्याचं वजन करता येतं, लांबी मोजता येते. कुठलं मूळ किती खोल होतं, कुठल्या खड्याला वळसा घालून गेलं, ते सगळं मोरीत वाहून जातं. मूळरोम, म्हणजे मुळांवरची केसांसारखी लव, तर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे बारीक. ते मातीला धरून तिथेच तुटतात. आणि तेच रोप पुढच्या सोमवारी पुन्हा बघायचं म्हटलं तर? मेलं ते.

काकूंना मी अळुवडीवरून समजावलं. उंडा न कापता आतली गुंडाळी बघायची. आमच्या यंत्रात कुंडी सावकाश गोल फिरते, चहूबाजूंनी शेकडो एक्स-रे निघतात आणि संगणक त्यांतून आडव्या चकत्या मांडतो. चकतीत मूळ म्हणजे एक राखाडी ठिपका. वरच्या चकतीतला ठिपका खालच्या चकतीत जरासा सरकलेला दिसतो. तसा तो धरत धरत खाली जायचं. गांडुळाचं बीळ काळं, कारण आत हवा. खडी पांढरीफटक. कोकोपीटचे तंतू मात्र थेट मुळासारखे दिसतात, आणि मुंबईत गच्चीवरच्या कितीतरी कुंड्या कोकोपीटवरच चालतात!

माझी पहिली फजिती पाण्याने केली. धातूच्या ओतीव भागांतल्या भेगा तपासणाऱ्या एका यंत्रावर शनिवारची वेळ मिळाली होती. लोकलमधून कुंडी मांडीवर घेऊन गेले. रोप सुकू नये म्हणून निघताना भरपूर पाणी घातलं होतं. स्कॅन बघते तर मुळं गायब. एक्स-रे कशात किती अडतात ते मोजणाऱ्या हाउन्सफिल्डच्या मापपट्टीवर पाणी ० आणि हवा उणे १०००. मूळ म्हणजे बहुतांशी पाणीच. मातीच्या पोकळ्यांत हवा असेल तर ते उठून दिसतं. पोकळ्यांत पाणी भरलं की मूळ कुठे संपलं आणि ओल कुठे सुरू झाली, कळत नाही. तेव्हापासून स्कॅनआधी दोन दिवस पाणी बंद.

मग एमआरआय का नाही, त्याला तर पाणीच दिसतं? बरोबर. पण आपल्याकडे नर्सरीतून गोणीने येते ती लाल माती, आणि तिचा लाल रंग लोहाचा. लोह आलं की एमआरआयचं चित्र वेडंवाकडं होतं. धुतलेल्या वाळूत रोप छान दिसतं, पण वाळूत मिरची लावतो कोण?

‘इजा न करता’ हेही शंभर टक्के खरं नाही. क्ष-किरणांची मात्रा रोपालाही पोचते, म्हणून रोज उठून स्कॅन करत नाही. शिवाय बारीक मूळ दिसायला हवं तर कुंडी लहान घ्यावी लागते, आणि लहान कुंडीत मूळ भिंतीला टेकून गोल गोल फिरायला लागतं. शेतात ते असं कशाला वागेल?

पावसाळ्याच्या तोंडावर आणखी एक प्रश्न ठरलेला: फुटपाथवरचा गुलमोहोर पडेल का, स्कॅन करून सांगा. ते काम जमिनीत लहरी सोडणाऱ्या रडारचं. त्यात जाडजूड मुळंच कळतात, ओल्या चिकण मातीत लहरी लवकर विरतात, आणि आपल्या फुटपाथखाली तर केबल, पाइप, राडारोडा सगळा संसार. मी छातीठोकपणे काही सांगणार नाही.

काकूंची मिरची शेवटी मी नेलीच. सगळी मुळं कुंडीच्या एका अंगाला दाटलेली, दुसऱ्या अंगाला एक पांढरी, वाकडी रेघ उभी. चित्र मोबाइलवर दाखवलं. काकूंनी चष्मा वर सरकवला.

“अगं, ही तर माझी फुटकी बशी! भोकावर आडवी ठेवली होती मी.”