रोमन ब्लाइंड घरी शिवायचे असतील तर

आमचा पलंग थेट खिडकीला चिकटून आहे, मुंबईत अजून कुठे असणार म्हणा, त्यामुळे लांब पडदे लावले की ते कायम गादीखाली नाहीतर झोपलेल्याच्या तोंडावर. म्हणून कापडी रोमन ब्लाइंड शिवले, म्हणजे दोरी ओढली की आडव्या घड्या पडत वर जाणारा सपाट पडदा. आणि खरं सांगू का, यात शिवणं सगळ्यात सोपं, सगळ्या सरळ टिपा, डोकं लागतं ते मापाला.

पडद्याला चुण्या हव्यात म्हणून रुंदीच्या दुप्पट कापड जातं, हा सपाट असतो. माझी खिडकी ३६ बाय ४८ इंच, दोन्ही कडांना दीड दीड इंच दुमड धरून ३९, म्हणजे ४४ च्या पन्न्यात जोड न देता बसली आणि दीड मीटरमध्ये काम झालं. मंगलदास मार्केटमधून जाडसर कॉटन घेतलं आणि तेवढंच पांढरं अस्तर, कारण खिडकी पश्चिमेची, पांढऱ्यावरून ऊन बरंच परत जातं आणि पुढचं प्रिंट लवकर विटत नाही. दुकानात ब्लॅकआउट, म्हणजे उजेड पूर्ण अडवणारं अस्तर गळ्यात मारायला बघतात, पण त्याने घड्या जाड होतात, मला नाही आवडत. दोन्ही कापडं भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच कात्री लावा, नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर एक आटतं, कापड दुसरं, आणि सगळं मुरडतं. कापल्यावर दोन्ही कर्ण मोजायचे, सारखे आले तरच पुढे जायचं, तिरका ब्लाइंड वर ओढला की लगेच कळतो.

मागे अस्तरावर आडव्या सुती पट्ट्या शिवून बोगदे करायचे, त्यात कामट्या सरकवायच्या, आकाशकंदिलाच्या असतात ना, त्याच तासून गुळगुळीत करून. पहिली खालून ५ इंचावर, मग दर ८ इंचाला एक, अशा पाच. ८ ची घडी पडून ४ होते, खालचा भाग ५ ठेवला की काठ घड्यांच्या खाली जरासा दिसतो, छान वाटतं. प्रत्येक पट्टीवर तीन प्लॅस्टिकच्या रिंगा हाताने टाकायच्या, कडांना आणि मध्ये. दोरी सगळ्यात खालच्या रिंगेला बांधून वरच्या रिंगांतून सरळ वर, खिडकीच्या वर बसवलेल्या लाकडी पट्टीच्या हुकातून एका बाजूला, तिन्ही एकत्र.

वरची कड त्या लाकडी पट्टीला वेल्क्रोनेच लावा. पावसाळ्यात कापडाला कुबट वास येतो, मग कामट्या काढायच्या, दोऱ्या सोडायच्या आणि खुशाल धुवायचं.

घरात लहान मूल असेल तर मात्र दोरीवाला करूच नका, वर गुंडाळून ठेवली तरी मागच्या दोरीत मान अडकू शकते, अमेरिकेत २००९ मध्ये याच कारणाने ५ कोटींच्या वर रोमन आणि रोल-अप ब्लाइंड रिकॉल केले, म्हणजे परत मागवले होते. अशा घरात आखूड पडदाच बरा.

आणि हो, पट्टी बसवायला ड्रिल लागेल, आमच्या सोसायटीत दुपारी दोन ते चार बंद असतं, तुमच्याकडचं बघून घ्या.