‘स्पोलिआरियम’पासून ‘ताका’पर्यंत: मनिला, आंगोनो आणि पाएते

फिलिपिन्सला गेलेली आपली बरीचशी मंडळी बोराकाय आणि पलावानचे किनारे बघून परततात. किनारे सुंदर आहेतच. पण चित्रं, हस्तकला आणि लोककथांची ओढ असेल तर मनिला आणि लागुना दे बाई या अफाट सरोवराच्या काठची दोन गावं, आंगोनो आणि पाएते, यांच्यासाठी सवड काढाच. क्रमही हाच ठेवा: आधी संग्रहालय, मग चित्रकाराचं गाव, शेवटी कारागिरांचं.

मनिलातलं राष्ट्रीय ललित कला संग्रहालय रिझाल पार्कजवळ, जुन्या संसद भवनात आहे. प्रवेश मोफत, सोमवारी बंद. सकाळी उघडता उघडता पोहोचा, कारण हुआन लुना या फिलिपिनो चित्रकाराच्या ‘स्पोलिआरियम’ या चित्रासमोर गर्दी नसताना बसायला मिळायला हवं. चार मीटरहून उंच आणि साडेसात मीटरहून रुंद कॅनव्हास. त्यावर रोमन आखाड्यात मेलेल्या ग्लॅडिएटर्सना फरफटत नेलं जातंय. १८८४ मध्ये माद्रिदच्या प्रदर्शनात या चित्राला सुवर्णपदक मिळालं. त्याच प्रदर्शनात फेलिक्स रेसुरेक्सिओन हिदाल्गो या दुसऱ्या फिलिपिनो चित्रकाराने रौप्यपदक पटकावलं. राज्यकर्त्या स्पेनच्याच राजधानीत वसाहतीतल्या पोरांनी बाजी मारली! त्या आनंदात झालेल्या मेजवानीत फिलिपिन्सचे राष्ट्रनायक होसे रिझाल यांनी भाषण केलं. पुढे १८९६ मध्ये स्पॅनिश सरकारने त्यांना जिथे गोळ्या घातल्या ती जागा संग्रहालयातून चालत जाण्याजोगी आहे. चित्र रोमचं असलं तरी फिलिपिनो माणूस त्यात आपल्याच देशाची कथा वाचतो. चित्र बघून लगेच त्या जागी गेलात की ते का, हे उमगतं.

याच इमारतीत कार्लोस ‘बोतोंग’ फ्रान्सिस्को यांनी १९५३ मध्ये इस्पितळासाठी रंगवलेली चार भव्य चित्रं आहेत. विषय फिलिपिन्समधल्या वैद्यकाचा प्रवास. सुरुवात जुन्या काळच्या वैदूंपासून होते. ती घाईत बघू नका, पुढच्या गावाची किल्ली तिथेच आहे.

समोरच्या मानववंशशास्त्र संग्रहालयात मानुंगुल कुंभ चुकवू नका. १९६४ मध्ये पलावानच्या गुहेत सापडलेला हा अस्थिकुंभ अडीच हजारांहून अधिक वर्षं जुना आहे. त्याच्या झाकणावर इवलीशी होडी आहे, तीत दोघं जण. पुढच्याचे हात छातीवर, मागचा होडी हाकणारा. त्याच्या हातातल्या वल्ह्याचं पातं मात्र राहिलेलं नाही. परलोकाच्या प्रवासाची अख्खी गोष्ट एका झाकणावर मावली आहे. वेळ उरला तर हातमागाच्या कापडांचं दालन बघा.

आंगोनो हे बोतोंग यांचं गाव. मनिलाच्या एडसा रस्त्यावरून जीपनी (जीपसारखी लांबट प्रवासी गाडी) किंवा सामायिक व्हॅन मिळते. वाहतूक तुंबली तर दोन तासही लागतात, म्हणून सकाळीच निघा. त्यांच्या घराच्या गल्लीत भिंतींवर त्यांच्या चित्रांची उठावशिल्पं कोरली आहेत. गावात चित्रकारांची पिढ्यान् पिढ्यांची घराणी आहेत. ब्लांको कुटुंबाचं संग्रहालय आवर्जून बघा. नोव्हेंबरमध्ये, २३ तारखेच्या संत क्लेमेंटच्या सणाच्या सुमारास, इथे ‘हिगांते’ निघतात: कागदाच्या लगद्याचं डोकं असलेले, दहा-बारा फुटी बाहुले. स्पॅनिश काळात जमीनदारांची टर उडवायला कुळांनी ते बनवले, अशी कथा गावात सांगतात.

जवळच बिनांगोनानच्या हद्दीत कातळावर कोरलेल्या १२७ आकृती आहेत, माणसांच्या आणि प्राण्यांच्या. १९६५ मध्ये त्या जगासमोर आणल्या त्याही बोतोंग यांनीच. कोकणातली कातळशिल्पं सड्यावर आडवी पसरलेली असतात. इथे उभी भिंत आहे, दगड मऊ आणि रेषा बारीक. लांबूनच बघावं लागतं, तेव्हा दुर्बीण न्या, आणि जागा त्या दिवशी उघडी आहे ना, हे आधी विचारून घ्या.

पाएतेला मी सांता क्रूझपर्यंत बसने आणि पुढे जीपनीने गेले. हे लाकूडकामाचं गाव. संतांच्या मूर्ती इथे बातिकुलिंग लाकडातून घडवतात. माझा जीव रमला तो मात्र ‘ताका’त, म्हणजे कागदाच्या खेळण्यांत. एका घरात मला सगळी रीत बघायला मिळाली. लाकडात कोरलेल्या घोड्याच्या साच्यावर खळीत भिजवलेले कागदाचे तुकडे थरावर थर चिकटवतात आणि उन्हात वाळवतात. मग पातं फिरवून कवच चिरायचं, साचा काढायचा आणि चीर पुन्हा कागदाने सांधायची. त्यावर पांढऱ्या रंगाचा हात, मग लाल रंग, शेवटी फुलं आणि लगाम. तिथल्या ताईंनी न रंगवलेलं एक कवच माझ्या हातात दिलं. आतल्या बाजूला वर्तमानपत्राची अक्षरं अजून वाचता येत होती. इथे घासाघीस करू नका. मेहनत बघितल्यावर किंमत कमीच वाटते.

वयाने मोठ्या बाईला ‘आते’, पुरुषाला ‘कुया’ म्हणा आणि वाक्यात आदरार्थी ‘पो’ घाला, दारं उघडतात. फोटोआधी विचारा. शाकाहाऱ्यांची खरी पंचाईत होते, कारण भाज्यांतही ‘बागूओंग’, म्हणजे मासळीची किंवा कोळंबीची आंबवलेली चटणी, पडते. लागुनात म्हशीच्या दुधाचं ‘केसोंग पुती’ हे ताजं चीज आणि तांदूळपीठ-नारळाचं ‘एस्पासोल’ यांनी माझं भागलं. जून २०२५ पासून भारतीय पर्यटकांना १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि पैशांचा पुरावा जवळ ठेवा. प्रवासाआधीच्या ७२ तासांत ‘ई-ट्रॅव्हल’ ही ऑनलाइन नोंदणी करायची, ती मोफत आहे. पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून लांब राहा. निघण्याआधी नियम पुन्हा तपासा. ‘ताका’चे घोडे हलके पण नाजूक असतात, कपड्यांत गुंडाळून हातातल्या बॅगेतच आणा.